मागची पुण्याई आणि आजची बॅट

पत्र:

आम्ही टेक्सासमधल्या शुगरलँडला राहतो. ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोज या बेसबॉल टीमची ट्रिपल-ए, म्हणजे मोठ्या लीगच्या एक पायरी खालची टीम, तिचं मैदान घरापासून जवळच, त्यामुळे उद्या ह्यूस्टनला खेळणारी पोरं आम्हाला आज इथे बघायला मिळतात. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, शाळेच्या टीमकडून सॉफ्टबॉल खेळते, आणि बेसबॉल तिला माझ्यापेक्षा जास्त कळतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅस्ट्रोजच्या होसे अब्रेयूची बॅट चालत नसताना त्यालाच खेळवावं की खालच्या पोराला आणावं, यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. दर उन्हाळ्यात नाव नवं, वाद तोच. माझं म्हणणं असं की, ज्या माणसाने दहा वर्षं टीमला सामने जिंकून दिले, त्याला दोन महिन्यांच्या पडत्या काळात बाजूला सारणं हा कृतघ्नपणा आहे. शिवाय टीम जेतेपदाच्या शर्यतीत असताना प्रयोग कसले करायचे? कच्च्या पोराला ऐन गर्दीत उतरवलं तर ते कायमचं खचतं. मुलगी म्हणते, "बाबा, नावं बघूनच खेळवायचं तर खालच्या पोरांनी सराव कशाला करायचा?" तडजोड म्हणून मी सुचवलं की पोराला सप्टेंबरमध्ये आणूया, तर ती उठूनच गेली. आता माझ्याबरोबर मॅच बघायला बसत नाही. आमच्यात बरोबर कोण?

— शुगरलँडचे एक बाबा

उत्तर:

नमस्कार.

निकाल आधीच सांगून टाकणं बरं. मुलीचं म्हणणं बरोबर आहे, पण तिने दिलेलं कारण पुरेसं नाही. तुमचा निष्कर्ष चुकतोय, पण तुमच्या दोन काळज्या रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं तिलाही द्यावी लागतील.

पहिल्यांदा ते "शर्यतीत असताना प्रयोग नकोत" घेऊ, कारण सगळ्या गोंधळाचं मूळ तिथे आहे. ज्याची बॅट चालत नाही त्याला रोज मैदानात उतरवणं हासुद्धा प्रयोगच असतो. तो ओळखीचा असतो म्हणून आपल्याला प्रयोग वाटत नाही, इतकंच. तळाला असलेल्या टीमला वाट बघणं परवडतं. वरच्या टीमला परवडत नाही, कारण १६२ सामने खेळून झाल्यावर प्लेऑफचा, म्हणजे जेतेपदाच्या बाद फेरीत जाण्याचा, फैसला एखाद्या सामन्यावर येऊन ठेपतो. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी आपला विभाग जिंकला तो सीझनच्या अगदी शेवटच्या दिवशी. अशा टीमने मे महिन्यात भिडेपोटी घालवलेले दोन सामने ऑक्टोबरमध्ये कुठून आणायचे?

आता अब्रेयू. तुमच्या घरातल्या वादाचा तोच मूळपुरुष, आणि या प्रश्नाला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही, कारण त्याच्या ह्यूस्टनमधल्या दोन वर्षांत दोन्ही उत्तरं सापडतात.

शिकागो व्हाइट सॉक्सकडून खेळताना हा माणूस २०१४ चा रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित) आणि २०२० चा एमव्हीपी (लीगमधला सर्वोत्तम खेळाडू). ह्यूस्टनने त्याला तीन वर्षांसाठी ५ कोटी ८५ लाख डॉलर्सना घेतलं. २०२३ चा मे महिना संपत आला तरी त्याचा एकही होमर, म्हणजे थेट कुंपणापलीकडचा फटका, नव्हता. डस्टी बेकर मॅनेजर होते, त्यांनी त्याला खेळवत ठेवलं. सीझन संपताना सरासरी .२३७, म्हणजे हजार अ‍ॅट-बॅट्समागे (बॅटिंगच्या प्रयत्नांमागे) २३७ हिट्स (बेस गाठून देणारे फटके), आणि होमर १८. फार नव्हे. पण त्याच ऑक्टोबरमध्ये मिनेसोटाविरुद्धच्या मालिकेत त्याने तीन होमर ठोकले आणि टीम पुढे गेली. तुम्ही त्या वेळी मुलीला "बघ, म्हटलं नव्हतं?" असं म्हणाला असाल, आणि ते चूक नव्हतं.

पुढच्या वर्षी तो ३७ वर्षांचा. २२ सामने, ७१ अ‍ॅट-बॅट्स, ७ हिट्स. सरासरी .०९९, होमर शून्य. टीमची सुरुवातही भयंकर झाली होती: ७ विजय, १९ पराभव. पाच वर्षं सेवा झालेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय मायनर (खालच्या) लीगमध्ये पाठवता येत नाही, हा नियम तुम्हाला ठाऊक असेल. अब्रेयूने संमती दिली. फ्लोरिडात वेस्ट पाम बीचला, जिथे नुकती करारबद्ध झालेली पोरं पहिले धडे गिरवतात, तिथे एक माजी एमव्हीपी आपला स्विंग दुरुस्त करायला गेला. मला या गोष्टीबद्दल त्याचा मनापासून आदर वाटतो. मे अखेरीस तो परत आला, आणखी १३ सामने खेळला, आणि १४ जूनला टीमने त्याला मोकळं केलं. तेव्हा सरासरी .१२४ होती. कराराचे उरलेले पैसे टीमने मोजलेच.

२०२३ मध्ये थांबणं योग्य ठरलं, २०२४ मध्ये थांबवणं योग्य ठरलं. माणूस तोच. मग फरक कशात? तुमचा आणि मुलीचा खरा वाद इथे व्हायला हवा.

.२७० च्या आसपास हिट्स काढणारा बॅटर घ्या. ६० अ‍ॅट-बॅट्समध्ये त्याचे साधारण सोळा हिट्स व्हायला हवेत. अकराच झाले, तर सरासरी .१८३ दिसते आणि गावभर बोंब होते. पण फरक आहे अवघ्या पाच हिट्सचा. दोन चेंडू थेट शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षकाच्या हातात, एक कुंपणापाशी झेल, दोन ठिकाणी अंपायरने तिसरा स्ट्राइक जरा बाहेरचा दिला, झालं. काहीही बिघडलेलं नसताना, नुसत्या नशिबाने हे साधारण बारात एकदा होतं. तीस टीम, प्रत्येकीचे नऊ-दहा बॅटर, तेव्हा कुठल्याही महिन्यात चांगले वीस-पंचवीस जण अशा खड्ड्यात सापडलेले असणारच. यांतल्या प्रत्येकाला घरी बसवून पोरांना बोलावणारी टीम तितकीच चुकीची. पण ७१ मध्ये ७? ते नशिबाच्या माथी मारता येत नाही.

म्हणून दोन महिन्यांची सरासरी बघून भांडू नका, दोघांनीही. बॅट बघा. ९५-९६ मैलांच्या फास्टबॉलला उशीर होतोय का? पूर्वी जो चेंडू तो डाव्या मैदानात ओढून मारायचा, तो आता उजवीकडे फाउल जातोय का? उशीर होतो म्हणून तो आधीच बॅट सोडायला लागलाय का, आणि त्यापायी खाली पडणाऱ्या स्लायडरवर हवेत फिरतोय का? ही तिसरी खूण सगळ्यात वाईट. वय झालेला बॅटर पहिल्यांदा वेग गमावतो. मग वेगाची भरपाई अंदाजाने करू लागतो. आणि पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) हे कळायला आठवडा पुरतो. २०२४ पासून बॅटचा वेगसुद्धा लोकांना बघायला खुला आहे, बेसबॉल सॅव्हंट या साइटवर. चेंडू जोरात लागतोय, वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट पहिला बेस) मिळतायत, बॅटचा वेग गेल्या वर्षीइतकाच आहे आणि तरी हिट्स नाहीत, तर तुमची बाजू घ्या आणि ठामपणे घ्या. वेगच गेला असेल तर मागच्या दहा वर्षांची पुण्याई त्याला पुढच्या चेंडूवर उपयोगाची नाही.

कृतघ्नपणाबद्दल मला एवढंच वाटतं की त्या दहा वर्षांचं देणं टीमने करारातून द्यावं, मानातून द्यावं, मॅनेजरने समोर बसवून खरं सांगण्यातून द्यावं. ते अ‍ॅट-बॅट्समधून देऊ नये. ते अ‍ॅट-बॅट्स उरलेल्या पंचवीस जणांच्याही मेहनतीचे असतात.

आता मुलीच्या बाजूच्या कच्च्या दुव्याकडे येतो. तिच्या मनात असं दिसतं की वरचा हटला की खालचं पोर आलं आणि प्रश्न सुटला. अब्रेयूच्या जागी काय झालं ते तुम्ही दोघांनी पाहिलंय. शुगरलँडला एका महिन्यात १३ होमर मारून जोई लोपरफिडो वर आला. ह्यूस्टनला तो चमकला नाही, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) फार झाले, आणि जुलै अखेरीस टीमने त्याला टोरोंटोला देऊन युसेई किकुची हा डावखुरा पिचर आणला, ज्याने पुढचे दोन महिने सुरेख मारा केला. मग पहिल्या बेसवर प्रामुख्याने उभा राहिला कोण? जॉन सिंगलटन. वय ३२. हा २०१४ मध्ये स्वतःच गाजावाजा झालेलं पोर होता. पहिला सामना खेळण्याआधीच टीमने त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला होता. त्या वर्षी त्याची सरासरी .१६८ राहिली, पुढच्या वर्षानंतर तो मोठ्या लीगमधून गायब झाला तो थेट २०२३ मध्ये परतला. अब्रेयू खेळत होता ती जागा शेवटी ना दिग्गजाने भरली ना नव्या पोराने. जूनमध्ये सिअ‍ॅटलपेक्षा १० सामने मागे पडलेली ह्यूस्टन तरीही विभाग जिंकली.

शिवाय ट्रिपल-एचे आकडे जपून वाचावेत, आणि शुगरलँडवाल्यांनी तर विशेष जपून. तुमची टीम पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये खेळते. तिथे अल्बुकर्की आहे, रीनो आहे. उंचावरची विरळ, कोरडी हवा, जिथे साधा उंच झेल कुंपणापलीकडे जातो. पोराचे होमर मोजताना ते कुठे मारले हे मुलीला विचारा. आणि दोन स्ट्राइक झाल्यावर तो कुठल्या चेंडूला हात लावत नाही, हे शुगरलँडच्या मैदानात बसून बघा. मोठ्या लीगमध्ये पोराची परीक्षा त्या एका प्रश्नाने होते: खाली पडणारा चेंडू सोडतो का?

जॅक्सन हॉलिडेचं उदाहरण तुमच्या "पोर खचतं" या काळजीला थेट लागू पडतं. २०२४ मध्ये अख्ख्या बेसबॉलमधला पहिल्या क्रमांकाचा प्रॉस्पेक्ट (होतकरू खेळाडू), वय २०. बॉल्टिमोर शर्यतीत होती, एप्रिलमध्ये त्यांनी त्याला आणलं. दहा सामने, ३४ अ‍ॅट-बॅट्स, २ हिट्स, १८ स्ट्राइकआउट. दोन-अडीच आठवड्यांत तो परत खाली. तुम्ही म्हणाल, झालं ना तेच? पण पुढचं पाहा. ३१ जुलैला त्याला पुन्हा बोलावलं आणि त्याच सामन्यात त्याने ग्रँडस्लॅम (तिन्ही बेस भरलेले असतानाचा होमर) मारला. तो खचला नव्हता. चांगलं पोर अपयशाने क्वचितच मोडतं. ते मोडतं अर्धवट वागणुकीने: आज वर, उद्या बाकावर, परवा विमानाने खाली, पुन्हा वर. आढीतला आंबा दर तासाला दाबून बघितला तर तो पिकत नाही, नासतो.

इथे मला विली मेझची गोष्ट सांगायलाच हवी. १९५१, न्यूयॉर्क जायंट्स. मिनियापोलिसला मायनरमध्ये .४७७ ची अचाट सरासरी असताना मे अखेरीस त्याला बोलावलं. वय २०. पहिल्या १२ अ‍ॅट-बॅट्समध्ये एकही हिट नाही. मग वॉरन स्पान या पिचरला एक उत्तुंग होमर, आणि पुन्हा दुष्काळ. पहिल्या पंचवीसेक प्रयत्नांत हिट तो एकच. मेझ क्लबहाउसमध्ये बसून रडला, मला परत पाठवा म्हणाला. मॅनेजर लिओ ड्युरोशर त्याला म्हणाला की मी इथे मॅनेजर आहे तोवर सेंटर फिल्डला तूच. दुसऱ्या दिवशी खेळवलं, तिसऱ्या दिवशी खेळवलं. मेझ त्या वर्षीचा रुकी ऑफ द इयर झाला.

पण मेझला सेंटर फिल्ड मिळावं म्हणून हलला कोण, हे फार कमी जणांच्या लक्षात असतं. बॉबी थॉमसन. वय २७, टीमचा प्रस्थापित सेंटर फिल्डर. त्याला आधी डावीकडे, मग तिसऱ्या बेसवर सरकवलं. ऑगस्टमध्ये ब्रुकलिनपेक्षा १३ सामने मागे असलेली टीम शेवटच्या ४४ पैकी ३७ जिंकून बरोबरीत आली, आणि ३ ऑक्टोबरला प्लेऑफच्या तिसऱ्या सामन्यात, शेवटच्या इनिंगला, राल्फ ब्रॅन्काच्या चेंडूवर ज्याने तो जगप्रसिद्ध होमर मारला तो हाच थॉमसन. पुढचा बॅटर म्हणून हातात बॅट घेऊन उभा होता विसाव्या वर्षातला पदार्पणवीर मेझ. पोराला रोजची जागा द्यायची म्हणजे जुन्याला फेकून द्यायचं असं नाही. त्याच्यासाठी दुसरी जागा शोधायला डोकं लागतं, आणि जुन्याने सरकायला मन मोठं लागतं.

नेहमी असं जमत नाही हेही खरं. २०१० च्या जायंट्सकडे बस्टर पोझी होता, वय २३, कॅचर. पण कॅचरच्या जागेवर बेंजी मोलिना, ३५ वर्षांचा, पिचर्सचा भरवशाचा माणूस. कॅचर बदलणं हे बॅटर बदलण्याइतकं सोपं नाही. तो प्रत्येक चेंडू मागवतो, पिचर बिथरला की त्याच्याकडे चालत जातो, समोरच्या प्रत्येक बॅटरची कुंडली त्याच्या डोक्यात असते. म्हणून मे अखेरीस पोझीला आणलं तरी महिनाभर पहिल्या बेसवर उभं केलं. बॅटिंग रोज मिळाली, पिचर्सशी ओळख वाढली, आणि मग जुलैच्या तोंडावर मोलिनाला टेक्सास रेंजर्सकडे पाठवलं. ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीजला, म्हणजे जेतेपदाच्या अंतिम मालिकेत, समोर तीच टेक्सास, मोलिनासकट. जायंट्स पाच सामन्यांत जिंकले. चौथ्या सामन्यात आठ इनिंग्ज एकही रन न देणारा मॅडिसन बमगार्नर २१ वर्षांचा, त्याला चेंडू मागवणारा पोझी २३ वर्षांचा.

त्याच टीमने बॅरी झिटोला, म्हणजे सात वर्षांच्या १२ कोटी ६० लाख डॉलर्सच्या करारावरच्या पिचरला, ऑक्टोबरच्या यादीतून सरळ वगळलं होतं. पैसे जात होते, जागा गेली. दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, सेंट लुईसविरुद्ध टीम मालिका हरण्याच्या काठावर असताना त्याच झिटोने सामना जिंकून दिला आणि मग वर्ल्ड सिरीजचा पहिला सामनाही. वगळलं म्हणजे संपवलं असं तुम्ही धरून चाललाय, म्हणून हे मुद्दाम सांगावंसं वाटलं.

टीम पोरांना उशिरा आणतात त्यामागे कधीकधी बेसबॉल नसतोच, हिशोब असतो. सीझनमधले १७२ दिवस भरले की खेळाडूचं एक वर्ष धरतात, आणि अशी सहा वर्षं झाली की तो हव्या त्या टीमकडे जायला मोकळा. म्हणून सुरुवातीचे थोडे दिवस खाली ठेवलं की टीमला एक जादा वर्ष मिळतं. २०१५ मध्ये शिकागो कब्जनी क्रिस ब्रायंटला १७ एप्रिलपर्यंत थांबवलं होतं. त्याने तक्रार केली आणि तो ती हरला. शर्यतीतल्या टीमने हे करू नये असं माझं ठाम मत आहे. मुलगी "सराव कशाला करायचा" म्हणते तेव्हा तिला नेमकं हेच खुपत असावं, आणि खुपायलाच हवं.

राहता राहिली तुमची सप्टेंबरची तडजोड. १ सप्टेंबरपासून टीमची यादी २६ खेळाडूंची २८ होते, म्हणजे दोनच जागा वाढतात, आणि त्यातलीही एक बहुधा पिचरला जाते. प्लेऑफसाठी खेळाडू ३१ ऑगस्टला टीमच्या संघटनेत (तिच्या खालच्या टीम धरून) असला की साधारणपणे चालतो, तेव्हा नियमाची अडचण नाही. अडचण वेळेची आहे. पिचर असेल तर तुमची तडजोड चांगली आहे: टोरोंटोच्या ट्रे येसाव्हेजने २०२५ मध्ये पहिला सामना खेळला १५ सप्टेंबरला, आणि वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात डॉजर्सच्या बॅटर्सचे १२ स्ट्राइकआउट केले. नव्या पिचरला कुणी पाहिलेलं नसतं, हा त्याचा फायदा. बॅटरचं उलट. पिचर्स महिनाभरात त्याची दुखरी जागा शोधतात, त्याला ती झाकायला पुढचा महिना लागतो. सप्टेंबरमध्ये आणलेल्या बॅटरचा शिकण्याचा महिना नेमका ऑक्टोबरमध्ये येतो. त्याला आणायचं तर जूनमध्ये आणा, किमान शंभर अ‍ॅट-बॅट्स रोज खेळवून द्या, आणि तोवर दोघांनीही त्याच्या सरासरीवरून एकमेकांना टोमणे मारू नका.

मुलीला पुढच्या शनिवारी शुगरलँडच्या मैदानावर घेऊन जा. कुठलं पोर तयार आहे ते तिने सांगावं, आणि कारण होमरच्या आकड्याचं न देता त्याने सोडलेल्या चेंडूंचं द्यावं. ह्यूस्टनच्या यादीतला कुठला बॅटर नुसता नशिबाने अडलाय आणि कुणाची बॅट खरंच मंदावलीय, हे तुम्ही सांगा. नावं कागदावर लिहून ठेवा. जूनअखेर मला कळवा.